दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ प्रेसला देण्याआधी

गणपती उठले की पुण्यातल्या पेठांमधल्या प्रेसवर दिवाळी अंकांची गर्दी उसळते. तेव्हा मशिनशेजारी उभं राहून "झेंडू जरा उजळ करा ना" म्हणण्यात अर्थ नसतो. रंगाचं काम फाइल पाठवण्याआधीच उरकायचं.

सगळ्यात आधी कागद पक्का करा. रंगाच्या आधी कागद कशाला, असं नवीन मुलं हमखास विचारतात. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचा (आरजीबी) असतो आणि कागदावरचा सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांचा (सीएमवायके). पडद्यावर एका ठिपक्याला 1,67,77,216 रंग घेता येतात. प्रत्येक ठिपक्यासाठी शायांचं गणित मुळापासून मांडत बसलं तर एक पान निघायला फार वेळ लागेल. म्हणून एक कोष्टक तयार ठेवलेलं असतं. रंगांच्या चौकोनांचा तक्ता त्याच जातीच्या कागदावर छापतात, एकेक चौकोन उपकरणाने मोजतात आणि त्यावरून आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कोणता रंग कसा उतरतो याची नोंद, बनतं. पडद्याचं आणि कागदाचं प्रोफाइल जोडून जे कोष्टक होतं, त्यात लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही बाजूंना 17 खाने धरले तर नोंदी भरतात फक्त 4,913. मधला रंग आला की शेजारच्या चार नोंदींवरून तो काढायचा. पाढ्यातही असंच करतो: बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे शहाण्णव, म्हणून बारा साडेसाते नव्वद, बस्स, एवढंच! वेग इथून येतो. अचूकपणा मात्र कोष्टक कोणत्या कागदाचं आहे यावर असतो. लेप नसलेला मॅपलिथो कागद शाई पिऊन घेतो, गुळगुळीत आर्ट पेपर ती वर धरून ठेवतो. म्हणून प्रेसला फोन करून प्रोफाइलचं नाव विचाराच. आर्ट पेपरसाठी पुष्कळदा फोग्रा 39 सांगतात, पण विचारल्याशिवाय धरून चालू नका.

मग फोटो तपासा. आकड्यांना रंग ठरवून देणाऱ्या पद्धतींपैकी कोणती वापरली आहे, एसआरजीबी की अडोबी आरजीबी, हे प्रत्येकात नोंदलेलं हवं. नोंद नसेल तर तोच आकडा दोन ठिकाणी दोन वेगळे हिरवे दाखवतो. रूपांतर एकदाच करा. सीएमवायके करून परत आरजीबी आणि पुन्हा सीएमवायके केलं, की गेलेला तजेला परत येत नाही.

मजकुराचा काळा फक्त ब्लॅक शाईचाच ठेवा. आरजीबीतला काळा बदलून आला की तो चार शायांत विभागला जातो. प्लेट केसभर जरी सरकली, तरी बारीक टाइपातले अनुस्वार आणि वेलांट्या रंगीत सावल्या टाकतात. देवनागरीला हे फार जाचतं. गडद फोटोंत चारही शायांची बेरीज (एकेक शाई जास्तीत जास्त 100 टक्के) आर्ट पेपरवर साधारण 300 टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र), फोटोंना 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) आणि फॉन्ट कर्व्ह करणं (अक्षरांचं रेषाचित्र करणं) तुम्हाला ठाऊकच आहे.

सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल ते कागदाचं प्रोफाइल लावून पडद्यावरच बघणं, मात्र टाळू नका. एका अंकाच्या वेळी मी ते टाळलं होतं. चित्रातल्या पैठणीचा झळझळता निळा छापून आला तो जांभळा, आणि चित्रकर्तीला काय सांगावं ते मला सुचेना. तो निळा चार शायांत बसणाराच नव्हता. असा रंग दिसला तर परसेप्च्युअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, दोन्ही पद्धती लावून बघा. पहिली सगळ्या छटा थोड्या थोड्या आवळून त्यांच्यातलं नातं जपते, दुसरी बसणारे रंग जसेच्या तसे ठेवून न बसणारे कडेला आणते. चित्र असेल तर मी पहिलीने सुरुवात करते.

शेवटी कागदी प्रूफ काढा. ते 5000 केल्विनच्या दिव्याखाली बघा. तो नसेल तर सकाळी खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही असं धरा. दुकानातल्या ट्यूबखाली होकार देऊ नका. चित्रकाराला दाखवा, सही आणि तारीख घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरी गुंडाळी न करता पुठ्ठ्यात घालून मशिनमनच्या हातात द्या.