यायचा, बसायचा, म्हणायचा: कथेवरून लघुपट लिहिताना मी कुठे अडकले

पटकथेची मांडणी कशी असते, सीन हेडिंग कसं लिहितात, हे इथे सांगत बसत नाही. ते एका दुपारीत शिकून होतं आणि त्यासाठीची सॉफ्टवेअरही फुकट मिळतात. मी अडकले ती जागा वेगळी होती. तिथे माझे चार महिने आणि पाच ड्राफ्ट गेले.

माझी कथा साधी होती. मुलगा भांडून घरातून निघून जातो, बाप त्याविषयी कधी बोलत नाही. कथेचा सगळा जीव एका वाक्यात होता: ‘तेव्हापासून अकरा वर्षं त्यांनी रात्री दाराला आतून कडी लावली नाही.’ ज्यांनी कथा वाचली त्यांनी हेच वाक्य मला वाचून दाखवलं. त्यामुळे पडद्यावर दुसरं काही आलं नाही तरी एवढं येणारच, असं मी धरून चालले होते.

आता दाखवा बरं. रात्र, दार, झोपलेला म्हातारा, न लावलेली कडी. बघणाऱ्याला काय कळलं? कडी लावायला विसरले असतील. बस.

हे जरा लांबण लावून सांगते, कारण कथाकार हमखास इथेच पडतो. आपल्याला क्रियापदाचं एक रूप फार लाडकं असतं. तो यायचा, पायरीवर बसायचा, काही म्हणायचा नाही. व्याकरणातला रीतिभूतकाळ. येई, येत असे, हीसुद्धा त्याचीच भावंडं. सात-आठ शब्दांत आपण दहा वर्षं गुंडाळतो आणि वाचक ती निमूटपणे मान्य करतो. कॅमेऱ्याला हा काळच येत नाही. त्याला फक्त ‘येतोय’ दिसतं: एक माणूस, एक संध्याकाळ, एक पायरी. वर माझ्या वाक्यात आणखी एक घोळ होता, तो म्हणजे ‘नाही’. जे घडलंच नाही त्याचा फोटो कसा काढणार?

मी काय काय करून पाहिलं ते ऐका. पहिल्या ड्राफ्टमध्ये तेच वाक्य व्हॉइसओव्हरला दिलं. ऐकायला छान वाटलं आणि चित्राची गरजच उरली नाही. दुसऱ्यात अकरा रात्रींचा मोन्टाज, म्हणजे तुकडे भराभर जोडून काळ सरल्याचं दाखवणं. कागदावर दीड ओळ, पण चित्रीकरणात अकरा वेळा कपडे, केस, ऋतू बदलायचे, आणि हाती काय, तर मिनिटभराची कॅलेंडरची पानं. तिसऱ्यात भांडणाचा फ्लॅशबॅक घातला, तर फिल्म भांडणाचीच झाली. चौथ्याची मला अजून लाज वाटते. शेजारीण म्हणते, “अजून कडी लावत नाही ना तुम्ही?” दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघं एकमेकांना सांगताहेत, तीही आपण ऐकावी म्हणून.

फ्लॅशबॅकचा मोह कुणाला सुटत नसेल तर त्याने अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सची आउल क्रीक पुलावरची, 1890 सालची कथा आणि फ्रेंच दिग्दर्शक रोबेर एनरिकोने तिच्यावर केलेला लघुपट शेजारी शेजारी ठेवून पाहावा. 1962 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. नायक फासापर्यंत कसा पोचला हे सांगणारा कथेचा अख्खा मधला भाग एनरिकोने सरळ गाळलाय. काही अडत नाही.

मला वाट सापडली ती एका संकलकामुळे, म्हणजे फिल्म एडिट करणाऱ्यामुळे. कथा न वाचताच त्याने विचारलं, “अकरा वर्षं वापरली नाही तर त्या कडीचं काय झालं असेल?” गंजली असेल. दाराला मध्ये रंग दिला असेल तर तिच्यावरही रंग बसला असेल. पाचवा ड्राफ्ट दोन दिवसांत झाला. भाची एका रात्रीपुरती राहायला येते. झोपण्याआधी कडी लावायला जाते, तर ती रंगाच्या थरांनी दाराला चिकटलेली. ती जोर लावते. “मामा, कडी हलत नाहीये.” आतून आवाज येतो, “राहू दे.” एकच रात्र, आणि त्या रंगात अकरा वर्षं.

म्हणून आधी पेन घ्या आणि स्वतःच्या कथेतली ‘यायचा, बसायचा’ अशी सगळी क्रियापदं अधोरेखित करा. माझ्या आठ पानांत त्रेचाळीस निघाली. घाबरू नका, त्यातली निम्मी तशीच गळतात. उरलेल्यांसाठी एकच विचारायचं: या सवयीचा वण कोणत्या वस्तूवर उमटला असेल, आणि कोणत्या एका दिवशी तो तिसऱ्या माणसाच्या हाताला लागेल? वस्तू आणि वण शोधणं हे आपलं रोजचंच काम. यात कथाकार कुणापेक्षा मागे नसतो.

मार्गदर्शकांविषयी माझं मत थोडं तिखट आहे. तीन अंकांचे आराखडे काढून देणाऱ्यांच्या नादी दहा मिनिटांच्या फिल्मसाठी लागू नका. कथा टाकली की पटकथा काढून देणारी साधनंही मी वापरून पाहिली. त्यांनी प्रत्येक ‘यायचा’चा इमानेइतबारे मोन्टाज केला. त्यापेक्षा एखाद्या संकलकाशेजारी दोन दिवस गप्प बसा. दुसऱ्याची लाडकी वाक्यं कापण्यात त्याचं आयुष्य गेलेलं असतं.

लांबीचं थोडक्यात. ऑस्करमध्ये श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट धरतात, कानच्या स्पर्धेत मर्यादा 15 मिनिटांची आहे. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब 12 पॉइंटच्या ‘कुरिअर’ या इंग्रजी टाइपातल्या पानाचा. देवनागरीत त्यावर विसंबू नका. घड्याळ लावून, मधल्या शांततेसकट, मोठ्याने वाचा.

आणि हे मात्र दरडावून सांगते: दिग्दर्शक कितीही जवळचा मित्र असो, पटकथा हातात देण्याआधी लेखी करार करा. रूपांतराचे हक्क कशासाठी, किती काळ, श्रेय कसं लिहायचं, शेवट बदलायचा तर कुणाला विचारायचं. कथा आधी छापून आली असेल तर तो जुना करारही काढून वाचा. मी यातलं काहीच केलं नव्हतं. चित्रीकरणाच्या आदल्या रात्री मला फोन आला की शेवटी मुलगा परत येतोय. पहाटेपर्यंत वाद घातला तेव्हा कुठे तो दारातून माघारी गेला.

दुसऱ्या दिवशी सेटवरची कडी सुर्रकन सरकली. रंग ताजा होता. कलाविभागातल्या मुलाने मागून खिळा मारला आणि भाचीचं काम करणाऱ्या मुलीला कुणी काही सांगितलं नाही. फिल्ममध्ये ती कडीशी झटताना दिसते, ते खरंच झटतेय.