परसातलं अनोळखी झाड ओळखताना या चुका टाळा

पहिला पाऊस पडून पंधरवडा झाला की गोव्यातल्या परसात न लावलेलं काहीतरी डोकं वर काढतंच. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिणारी ही जमीन कुठलंही बी वाया जाऊ देत नाही. मग फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि तासाभरात चार नावं येतात. त्यात एक तरी मावशी ठामपणे लिहिते, "औषधी आहे, उपटू नको." दुसरा म्हणतो, दुर्मीळ आहे. परसात आपोआप उगवलेलं झाड दुर्मीळ निघण्याची शक्यता फार कमी. बहुतेक वेळा ते तण तरी असतं किंवा शेजारच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून आलेलं एखादं साधं झाड.

गोंधळ बहुतेक एकाच कारणाने होतो. एखादं पान पाहून नाव ठरवलं जातं.

रोपाच्या पानावर विश्वास ठेवणं

बी रुजल्यावर आधी येतात ती बीजपत्रं. त्यांच्यावरून काहीच ठरवू नये, कारण नंतरच्या पानांशी त्यांचा आकार बहुधा जुळत नाही. खरी पानं आली तरी घाई नको. फणसाचंच बघा. मोठ्या झाडाचं पान गुळगुळीत, अखंड काठाचं, पण कोवळ्या रोपाच्या पानांना खोल कातरे असू शकतात. आठळ्या टाकल्या तिथेच ते रोप उगवलेलं असतं, तरी घरचे म्हणतात, हे कसलं जंगली झाड!

अकेशियाचं तर त्याहून विचित्र. गोव्यात रस्त्याकडेला आणि डोंगरउतारावर सरकारी लागवडीतून पसरलेलं ऑस्ट्रेलियन अकेशिया सगळ्यांनी पाहिलेलं आहे, लांब विळ्यासारख्या पानांचं. त्याच्या रोपाला सुरुवातीला चिंचेसारखी बारीक, पिसासारखी पानं असतात. नंतर देठच रुंद होतात आणि पानाचं काम करू लागतात. मधल्या काळात एकाच रोपावर दोन्ही दिसतात. गुलमोहर समजून ते कुंडीत जपणारे लोक आहेत.

रोप अडचणीच्या जागी नसेल तर त्याला सहा-आठ पानं येऊ द्या. फूल येईपर्यंत थांबता आलं तर उत्तमच. वनस्पतिशास्त्रात ओळख मुख्यतः फुला-फळांवर ठरते ती उगाच नाही.

जमिनीतून आलेला घाण वास

मे-जूनमध्ये हा प्रश्न हमखास येतो. पानाचा पत्ता नाही, जमिनीतून थेट जांभळट-तपकिरी, चुण्या पडलेलं जाड फूल उगवलेलं, आणि मेलेल्या उंदरासारखा वास. ते सुरणाचं फूल. कुजका वास माश्या आणि किडे बोलावण्यासाठी असतो. फूल सुकलं की त्याच जागी ठिपक्यांचा एकच जाड देठ वर येतो आणि छत्रीसारखं पान उघडतं. फूल आणि पान एका वेळी दिसत नाही, म्हणून लोक ही दोन वेगळी झाडं समजतात आणि घाबरून कंद खणून फेकतात. सुरणाचीच रानातली भावंडं म्हणजे शेवळं. आपल्याकडे पहिल्या पावसात लुतीची भाजी होते तीही याच कुळातली. आंबट घालून नीट शिजवली नाही तर घसा धरते, हे गावात कुणालाही विचारा.

"भाजीसारखं दिसतंय" म्हणून तोडणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. तायकिळो म्हणजे टाकळा, आठळ्या घालून केलेली त्याची भाजी पावसाळ्यात हवीच. पण त्याच कुंपणाशी कासविंदा उगवतो. फूल दोघांचंही पिवळं. टाकळ्याला पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, बहुधा तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे रुंद, गोलसर. कासविंद्याच्या जोड्या जास्त, पर्णिका टोकदार, चुरडल्यावर उग्र वास. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकलेली. कासविंद्याची चपटी, कडा फिकट. कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं गंभीर आजारी पडल्याचं आणि दगावल्याचं उत्तर भारतात डॉक्टरांनी नोंदवलं आहे, म्हणून हा फरक घरात सगळ्यांना दाखवून ठेवा.

तेऱ्याचं, म्हणजे अळूचं, तसंच. आपल्या भाजीच्या तेऱ्याचा देठ पानाच्या काठाला नव्हे, मागून थोडा आत जोडलेला असतो आणि पान खाली झुकतं. हत्तीच्या कानासारख्या मोठ्या रानटी जातीत पानाची खाच थेट देठापर्यंत जाते आणि टोक वर बघतं. शोभेच्या काही जाती मात्र हा नियम मोडतात, त्यामुळे नर्सरीतून आलेल्या कुंडीतलं काही पातेल्यात नको.

कुंपणावर चढणाऱ्या वेलींत जास्त सावध राहावं. हृदयाकृती पान म्हटलं की लोक लगेच गुळवेल म्हणतात. तसं पान कारांद्याला असतं, मिरवेलीला असतं, आणि गुळवेलीच्या सख्ख्या बहिणींनाही असतं. कोरोनाच्या काळात लोक काढ्यासाठी वेली तोडत सुटले आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीबद्दल आयुष मंत्रालयाला खुलासा करावा लागला. कळलावी ओळखायला त्या मानाने सोपी, तिच्या पानाचं टोकच सुतासारखं वळून आधार पकडतं. पण पावसाळा संपून वेल सुकली की हाती लागतो तो नुसता कंद, आणि तो खाण्याच्या कणगाच्या कंदासारखा वाटू शकतो. त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं.

उकिरड्यावर आपोआप आलेली दुधी, काकडी, भोपळा यांची वेल ओळखीची असते, पण फळ ओळखीचं निघेलच असं नाही. परागण कुठल्या जातीशी झालं ते आपल्याला कळत नाही. फळ कडू लागलं तर तो घास थुंका आणि फळ टाकून द्या. तो कडवटपणा कुकरबिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही.

चव घेऊन ओळखण्याची पद्धत मुळातच बंद करा. कुणी चुकून खाल्लंच तर उलटी करवू नका. झाडाची पान-फुलासकट फांदी सोबत घेऊन थेट दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात पोचल्यावर डॉक्टरांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की खाल्लं काय?

उघड्या हाताने उपटणं

वालासारखी पानं, जांभळ्या फुलांचे घोस, मग मखमली शेंगा: ती खाजकुयली. लव अंगाला लागली की दिवस गेला. रानबिब्याचं रोप आंब्यासारखं दिसतं, पण त्याचा रस हवेत काळा पडतो आणि कातडीवर फोड उठवतो. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं आणि देशभर पसरलं. कोवळेपणी ते गाजराच्या किंवा कॉसमॉसच्या रोपासारखं भासतं आणि अनेकांना त्याची अॅलर्जी होते. पान चुरडून वास घ्यायचाच असेल तर हातमोजे घालून. चीक दिसला तर हात डोळ्यांकडे नेऊ नका.

आंब्याला "नवी जात" फुटली असं कुणी म्हणालं तर वर बघा. जाड पानांचा झुबका, नळीसारखी केशरी-लाल फुलं, आणि पान चुरडलं तर आंब्याचा वास नाही. ते बांडगूळ. पक्ष्यांनी आणलेलं त्याचं चिकट बी फांदीवर रुजतं आणि मुळं फांदीत शिरतात. नुसतं बांडगूळ छाटलं तर पुन्हा फुटतं, म्हणून जोडाच्या खालून फांदीच कापावी.

एका फोटोवर अॅपला विचारणं

गूगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट ही साधनं कामाची आहेत, पण त्यांना एका पानाचा अंधुक फोटो दिला तर ती भलत्याच खंडातलं झाड सुचवू शकतात. पूर्ण झाड, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाची मागची बाजू, देठाचा जोड, खोड, फूल समोरून आणि बाजूने, फळ. एवढे फोटो, एकात मापासाठी नाणं ठेवून. आलेलं नाव अंतिम न मानता ती जात गोव्यात किंवा पश्चिम घाटात नोंदलेली आहे का, ते तपासा.

अॅपच्या आधी गावातल्या त्या माणसाला विचारा जो चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांसाठी, रानात जातो. कुठलं फळ कधी पिकतं, कुठल्याला हात लावायचा नाही, हे त्याला चांगलं ठाऊक असतं. त्याच्याकडूनही उलगडलं नाही तर फुला-फळांची फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, जागा आणि तारीख लिहा आणि तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय, जुने गोव्याची किनारी कृषी संशोधन संस्था किंवा गोवा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग यांना दाखवा. तोवर झाड रानमोडीसारखं पसरणारं वाटत असेल तर बी धरण्याआधी फुलं खुडून टाका, आणि उपटलेलं मुळासकट उन्हात वाळवा, ओढ्यात फेकू नका.