शिडाच्या बोटीचा तळ पाण्यातच कसा राखावा: आधी तिथी, मग खरवडणी

मच्छीमारांच्या होड्या पावसाळ्यात पुळणीवर ओढून झावळ्यांनी शाकारतात आणि त्यांच्या तळाचं काम निवांत होतं. खोल कील (तळाखाली उतरलेला जड कणा) असलेल्या शिडाच्या बोटीला ती सोय नाही. तिला उचलणारी क्रेन कोकणात सहजी मिळत नाही. पण आपल्या कोमट पाण्यात शेवाळ आणि बार्नाकल (तळाला चिकटणारे कठीण कवचाचे जीव) पुढच्या पावसाळ्याची वाट बघत नाहीत. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर थोडे बार्नाकल बसले तरी इंजिन धापा टाकायला लागतं.

यावर दोन उपाय आहेत: बोटीखाली बुडी मारणं, किंवा भरतीला बोट आत आणून ओहोटीला जमिनीवर टेकवणं. अवजारांआधी पंचांग उघडा, कारण दोन्ही कामांच्या तिथी वेगळ्या आहेत. बुडी भांगाला (पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं तेव्हा) मारावी, आणि बोट उधाणाकडे (सर्वांत मोठ्या भरतीकडे) भरती रोज वाढत जाते त्या दिवसांत टेकवावी.

तिथीचा हिशोब

किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. मुंबईपासून दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी येते. दिवस ठरवायला एवढं पुरतं. पाण्याची उंची मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यातूनच घ्या, कारण आपल्याकडे एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. सकाळच्या मोठ्या भरतीला बोट आत घातली आणि रात्रीची भरती हातभर कमी आली, तर बोट तिथेच बसते.

बुडी मारून करायची कामं

दशमीच्या सुमारास पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं. खाडीला ओढ कमी असते, गाळ कमी ढवळला जातो आणि भरती सकाळी साडेसातच्या आसपास असते. भरतीला खाडीत समुद्राचं स्वच्छ पाणी असतं, म्हणून पाणी थबकलेला तो वेळ साधा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मालवणकडे पाण्यात चांगलं दिसतं. उत्तरेकडच्या गढूळ खाड्यांत हाताच्या अंदाजानेच काम करावं लागतं.

इंजिनाची चावी काढून बुडी मारणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची. डेकवर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला हवा, त्याला दुसरं काम देऊ नका. बोटीखालून आडवा दोर घेऊन दोन्ही बाजूंना बांधा, पाण्याखाली धरायला तोच आधार. बार्नाकलची जखम चिघळते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला. बुडीआधी भराभर खोल श्वास घ्यायची सवय अनेकांना असते. ती सोडा, त्याने पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. लाटेने बोट वरखाली आपटत असेल तर त्या दिवशी खाली जाऊच नका.

आधी पंखा, मग झिंकचा अॅनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा), मग इंजिनाला पाणी घेणारं भोक, मग सुकाणू. दम उरला तर बाकीचा तळ. पंख्यात नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा अडकलेला असायचाच, त्याला दातेरी सुरी लागते. अॅनोड अर्धा झिजला की बदला. पाना मनगटाला दोरीने बांधा आणि जादा नट जवळ ठेवा, चिखलात पडलेला नट परत मिळत नाही. तळाचा अँटिफाउलिंग (शेवाळ-बार्नाकल बसू न देणारा) रंग मऊ प्रकारचा असेल तर त्यावर स्पंजच फिरवा. पट्टीने खरवडलात तर शेवाळाबरोबर महागाचा रंगही जाईल.

बोट टेकवणं

खरं काम इथे होतं. कोकणाला हे नवीन नाही. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत, गिर्ये गावापाशी मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीला जहाज आत आणायचं आणि पाणी उतरलं की डागडुजी करायची, ही तिची रीत.

आधी बोट पाहा. जोड कील असलेली बोट किंवा कॅटामरान (जोडबोट) आपोआप उभी राहते. लांब कीलच्या बोटीला धक्क्याचा आधार लागतो. अरुंद, खोल कीलच्या बोटीला धक्का किंवा बाजूला लावायचे पाय नसतील तर हा नाद सोडा. जागा खाडीच्या आत, लाट नसलेली हवी. आदल्या ओहोटीला स्वतः चालून ती तपासा: कठीण रेती आहे की गुडघाभर गाळ, कातळावर कालवं आहेत का, जुना नांगर रुतलेला आहे का. उथळ पाण्यात पाय घासत चाला, रेतीत पाकट लपलेलं असतं. धक्का वापरणार असाल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि गावच्या मच्छीमार सोसायटीत आधी विचारा.

आता आकडे. समजा अलिबागकडे तक्त्यात भरती 4.2 मीटर, ओहोटी 0.8 आणि बोटीचा बुड (पाण्याखाली जाणारी खोली) 1.2 मीटर. तक्त्यातल्या उंच्या ज्या पातळीपासून मोजतात त्या शून्यापासून 1.5 मीटर उंचीवरची जमीन निवडली, तर पाणी 2.7 वर आलं की बोट टेकते आणि चढताना तिथेच तरंगते. म्हणजे वर दीड मीटरची शिल्लक, आणि ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे मिळून साडेतीन तास कोरडी जमीन. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती 2.2, ओहोटी 0.4 धरली, तर त्याच बोटीला 0.7 उंचीच्या जमिनीवर शिल्लक जेमतेम 0.3 मीटर. तिथे कमी बुडाच्या बोटीनेच हे करावं.

तिथीचं पुन्हा बघा. तृतीया-चतुर्थी फार सोयीची वाटते: सकाळी नऊला ओहोटी, दुपारी तरंगायचं. पण तेव्हा पाणी दिवसेंदिवस घटत असतं. काही चुकलं आणि बोट निघाली नाही, तर पुढच्या उधाणापर्यंत दहा-बारा दिवस ती तिथेच. एकादशी ते त्रयोदशी घ्या. भरती सकाळी आठ ते दहा, ओहोटी दुपारी, आणि एक भरती चुकली तरी उद्याची मोठी. तरंगायला रात्र होते, हा त्याचा तोटा. मला तो परवडतो. आदल्या दिवशी इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज बघा. कील जमिनीला लागताना आणि सुटताना जी आपटते, तेच सर्वांत मोठं नुकसान.

आत येतानाच एक नांगर खोल पाण्याच्या बाजूला टाका, निघताना त्यावरच बोट ओढायची आहे. धक्क्याला लावल्यावर पाण्याचे कॅन आणि साखळी धक्क्याकडच्या डेकवर हलवून बोट किंचित तिकडे कलती करा, टायर मध्ये घाला आणि डोलकाठीवरून एक दोर किनाऱ्याला बांधा. पाणी उतरत असताना दोर सैल-घट्ट करायला माणूस हवा.

पाणी पूर्ण जायची वाट बघू नका. कंबरभर पाण्यात उभं राहून उतरत्या पाण्याबरोबर ब्रश मारत या. ओलं शेवाळ हाताने निघतं, वाळलेलं चिकटून बसतं. रंग कोरडा घासू नका, त्यातल्या तांब्याची धूळ फुप्फुसात जाते. खरवड ताडपत्रीवर झेलून घरी न्या, त्याच रेतीत बायका तिसऱ्या (खायचे शिंपले) काढतात. एका ओहोटीत पूर्ण तळ रंगवायचा हट्ट नको. पाणरेषा, सुकाणू, उघडे पडलेले पट्टे एवढंच घ्या, आणि पाण्यात उतरवण्याआधी किती तास वाळवायचं ते डब्यावर वाचा. अॅनोडवर रंग लावायचा नाही. पंख्याचा दांडा धरून हलवा, खडखडला तर बेअरिंग झिजलं आहे. सीकॉक (तळाच्या भोकावरची झडप) सोडून दुरुस्त करायचा असेल तर पहिल्या तासातच, आणि लाकडी बूच हाताशी ठेवून. पाणी चढायला लागल्यावर तळाचं कोणतंही भोक उघडू नका.

बोट जमिनीवर असताना इंजिन सुरू करायचं नाही, थंड करायला पाणी मिळत नाही. पाणी बुडाशी आलं की सगळे सीकॉक बंद आहेत ना बघा आणि टॉर्च घेऊन बिल्ज (बोटीच्या आत तळाशी पाणी साचतं ती जागा) तपासा. बोट हलू लागली की नांगराचा दोर ताणून हळूहळू खोल पाण्यात काढा. मग इंजिनाचा सीकॉक उघडा, इंजिन लावा, मागून पाणी बाहेर पडतंय ना बघा. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा बिल्ज पाहा. रात्री खाडीच्या तोंडातून बाहेर पडायची घाई नको, आतच नांगरून सकाळी निघा.