विश्रांती शेवटचा बसल्यापासून मोजावी : तरुण संघाला डोंगरावर नेताना

ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ वर्षातून एकदा सहलीला जातो, बसमध्ये गाणी होतात, धरणाच्या काठी जेवण होते, आणि पुढच्या रविवारी सगळे पुन्हा आपापल्या ठरलेल्या बाकांवर, ठरलेल्या मित्रांशेजारी बसतात. अशा सहलीत वाईट काहीच नाही. फक्त तिच्यात कोणालाच कोणाची गरज पडत नाही. अवघड डोंगरवाट ही गरज दोन तासांत उभी करते, आणि संघाची आत्मिक वाढ म्हणून आपण जे काही म्हणतो त्याची सुरुवात बहुधा तिथेच होते. मात्र नुसते डोंगरावर गेल्याने ती होत नाही. नीट आखणी नसेल तर धडधाकट मुले पुढे धावतात, दमलेली मागे कुढत राहतात आणि माथ्यावर सुंदर फोटो निघतो. तसे होऊ नये म्हणून काय करावे, हे अहिल्यानगर आणि नाशिक परिसरातील मंडळ्यांच्या तरुण संघांना डोळ्यांसमोर ठेवून पुढे मांडले आहे.

पायी चालणे आणि प्रार्थना यांची सांगड आपल्याला नवी नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला सप्टेंबरात भाविक पायी जातात, आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रे सणासाठी यरुशलेमेकडे चढून जाणारे यात्रेकरू वाटेत गात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

डोंगर आणि दिवस

पहिल्या अवघड चढाईसाठी मी रतनगड सुचवेन. कळसूबाई 1646 मीटरचे, राज्यातील सर्वांत उंच शिखर असल्यामुळे प्रत्येकाच्या तोंडी त्याचेच नाव असते. पण सुट्टीच्या दिवशी तिथल्या शिड्यांवर रांग लागते आणि माथ्यावर देवीच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी असते. तिथे आपण शांतपणे बसू शकत नाही, आणि त्यांच्या दर्शनात आपल्या गाण्याचा व्यत्यय आणणे शोभतही नाही. हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेने सोपा आहे, नळीच्या वाटेने नवख्यांनी जाऊच नये. रतनगड या दोहोंच्या मधला. भंडारदऱ्याच्या जलाशयामागच्या रतनवाडीतून वाट निघते, प्रवरेचा ओढा ओलांडून दाट जंगलात शिरते, शेवटी कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या येतात आणि 1297 मीटरच्या माथ्यावर वाऱ्याने घोंघावणारे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, लागते. नवख्या संघाला वर पोहोचायला चार तास धरावेत. हा भाग अभयारण्यात येतो, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी आणि गावातलाच वाटाड्या घ्यावा. जंगलात कात्राबाईच्या खिंडीकडे फुटणारी वाट चुकून धरली तर दिवस वाया जातो.

दिवस ठरवताना दोन चुका नेहमी होतात. शहरातले ट्रेक शनिवारी रात्री निघून रविवारी परततात, आणि त्याच वेळापत्रकाची नक्कल केली तर संघाची आत्मिक वाढ उपासना बुडवून सुरू होते. म्हणून शुक्रवारी रात्री निघून शनिवारी संध्याकाळी परतावे आणि रविवारी दुखणाऱ्या पायांनी का होईना, बाकांवर हजर असावे. दुसरी चूक म्हणजे उत्तम शुक्रवाराला (गुड फ्रायडेला) जोडून आलेली सुट्टी. मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीचा कातळ तापतो, टाक्यांतले पाणी आटते आणि वाळलेल्या गवताला वणवा लागतो. भर पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम.

सहा आठवडे आधी

तयारी पायांची आणि वचनाची बरोबरच चालावी. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास भरभर चालणे आणि शनिवारी पाठीवर पाच किलो घेऊन जिने चढणे, एवढे पुरेसे आहे. त्याच शनिवारी अर्धा तास एकत्र वाचन करावे. सहा आठवड्यांत पंधराही स्तोत्रे उरकण्याचा हट्ट नको. 121 वे स्तोत्र आठच वचनांचे आहे, ते सर्वांनी पाठ करावे. ते वाचताना पहिल्या वचनाशी थांबावे. स्तोत्रकर्ता पर्वतांकडे दृष्टी लावतो खरा, पण लगेच साहाय्य कोठून येईल असा प्रश्न करतो, आणि त्याचे उत्तर डोंगर नसून आकाश व पृथ्वी निर्माण करणारा परमेश्वर आहे. डोंगर पाहून भारावलेल्या तरुणांना हा फरक घरीच समजलेला बरा.

याच काळात दोघादोघांच्या जोड्या लावाव्यात आणि त्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात, कारण मैत्रीवर सोडले तर रविवारचे बाकच डोंगरावर जातील. दमा, रक्तदाब, उंचीची भीती यांची विचारणा प्रत्येकाकडे एकट्याने आणि खासगीत करावी. लीड (सर्वांत पुढे चालून वाट दाखवणे) आणि बॅकलीड (सर्वांत मागे राहणे) ही दोन कामे अनुभवी माणसांकडे असावीत. पाळकसाहेब बरोबर येत असतील तर त्यांना लीड करण्याचा आग्रह धरू नये. आमच्या एका चढाईत सर्वांत हळू चालणारे तेच होते, आणि ज्या मुलांनी आयुष्यभर त्यांना व्यासपीठावरच पाहिले होते, त्यांनी त्यांची काठी धरली, पाण्याची बाटली उघडून दिली. त्या दिवशी त्यांनी उपदेश केला नाही, आणि त्याची कोणाला उणीवही भासली नाही.

सॅक

कातळातल्या आरपार भोकाला आपण नेढे म्हणतो आणि सुईच्या नाकालाही नेढेच म्हणतो. फुगलेली सॅक घेऊन रतनगडाच्या नेढ्याकडे निघालेला तरुण पाहिला की मला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला, सुईच्या नाकातून जाऊ न शकणारा उंट आठवतो. तीन लिटर पाणी, भाकरी किंवा पोळी, शेंगदाण्याची चटणी, गुळाची चिक्की, मीठ-साखरेची पुडी, टोपी, विजेरी, पातळ स्वेटर आणि स्वतःची औषधे एवढे पुरते. छापील नवा करार जोडीत एक असावा. मोबाइलची बॅटरी फोटोंसाठी आणि अडचणीसाठी राखावी.

ओझ्याबद्दलचा एक प्रश्न निघण्यापूर्वीच सोडवून ठेवावा, कारण वाटेत भांडणे त्यावरूनच होतात. गलतीकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायातले दुसरे वचन एकमेकांची ओझी वाहायला सांगते आणि पाचवे वचन प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे म्हणते. बंद खोलीत ही विसंगती वाटते. चढावर तिचा उलगडा आपोआप होतो. स्वतःचे पाणी, स्वतःचा डबा हा आपापला भार, आणि आळसाने किंवा विसराळूपणाने तो दुसऱ्यावर टाकणे बरोबर नाही. पण कोणाचा गुडघा सुजला, कोणाला उलटी झाली, तर त्याची सॅक ही आता सर्वांची आहे. मदत मागायला लाजणारे आणि मागण्याची सवय जडलेले, असे दोन्ही प्रकार प्रत्येक संघात असतात. पहिल्यांना दुसरे वचन वाचून दाखवावे, दुसऱ्यांना पाचवे.

चालताना

पहाटे साडेपाचला रतनवाडीत चहा, दोन मिनिटांची प्रार्थना आणि निघणे. लांब प्रार्थना इथे नको. अंग गार पडते. जंगलातला पहिला अर्धा तास कोणी बोलू नये. नुसते गप्प राहा म्हटले की कुजबुज सुरू होते, म्हणून मनात धरण्यासाठी एक प्रसंग द्यावा: होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर ऐकू आलेली शांत, मंद वाणी. त्याच 19 व्या अध्यायाचा (1 राजे) आरंभही सांगावा. खचून मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, आणि हे दोनदा केले. डोंगरावर चिडचिड करणाऱ्याला प्रार्थनेचा सल्ला देण्याआधी चिक्की द्यावी, हे मी अनुभवाने सांगतो.

सर्वांत हळू चालणाऱ्याला लीडच्या मागे, म्हणजे रांगेत दुसरा ठेवावा. तो शेवटी असला की दोन गोष्टी होतात: आपण सर्वांना अडवतो आहोत असे त्याला वाटत राहते, आणि त्याला विश्रांती मिळतच नाही. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढची मंडळी दगडावर बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात; दहा मिनिटांनी धापा टाकत शेवटचा पोहोचतो आणि त्याला पाहताच ‘चला, सगळे आले’ म्हणत बाकीचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज तोच उभ्या उभ्या पुढे निघतो. म्हणून आमचा नियम असा की विश्रांतीची दहा मिनिटे शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची. घड्याळ बॅकलीडच्या हातात असते. या एका नियमाने आमच्या संघात जेवढे बदलले, तेवढे कित्येक शिबिरांनी बदलले नव्हते, असे मी न कचरता म्हणेन.

पुढे शिड्या येतात. एका वेळी शिडीवर एकच माणूस, दोन हात व दोन पाय यांपैकी तीन अवयव नेहमी टेकलेले, आणि सॅकचा छातीवरचा पट्टा आवळलेला. गेल्या खेपेस आमच्यातली एक मुलगी चौथ्या पायरीवर थिजली. वरही जाईना, खालीही येईना. मुठी पांढऱ्या पडल्या होत्या आणि पायरी तिच्या थरथरीने वाजत होती. खालून चारपाच जण एकदम ‘घाबरू नकोस’ ओरडू लागले, ते बॅकलीडने हात वर करून थांबवले. तिच्या जोडीदारणीने खालून तिची टाच हातात धरली आणि हळूच म्हटले, ‘ताई, हा तुझा उजवा पाय. मी ठेवते.’ तिने तो पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला. मग डावा. वर पोहोचायला बारा मिनिटे लागली आणि त्या बारा मिनिटांत खाली कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. निर्गमाच्या 17 व्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याच्याखाली दगड ठेवून त्याला बसवले व मग हात धरले. हा उतारा त्या दिवशी माथ्यावर वाचला, तेव्हा त्यावर भाष्य करावे लागले नाही.

ती मुलगी चढलीच नसती तर आम्ही सगळे तिथूनच परतलो असतो, आणि हे निघण्यापूर्वीच जाहीर केलेले होते. धोका पत्करणे म्हणजे विश्वास असे काही जण मानतात. मत्तयाच्या 4 थ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून, देवदूत झेलतील या वचनाचाच आधार देत उडी मारायला सांगतो, आणि देवाची परीक्षा पाहू नको हे उत्तर त्याला मिळते. ढग दाटले, पाणी संपले, कोणाचा घोटा मुरगळला, तर लीडने परत फिरावे आणि त्या निर्णयावर मतदान घेऊ नये.

माथा आणि उतार

माथ्यावर फार वेळ काढू नये. अर्धा-पाऊण तास पुरे. गडावरच्या गुहेत रत्नाई देवीचे ठाणे आहे, गावकऱ्यांची तिच्यावर श्रद्धा आहे. आपली उपासना बाजूला, कमी आवाजात आणि स्पीकरशिवाय करावी. कातळावर क्रूस रंगवणे तर कदापि नको. प्रभुभोजन घ्यायचे असल्यास आपल्या मंडळीची शिस्त काय सांगते ते पाळकांना आधी विचारावे. एक आरोहणस्तोत्र, एक भजन, आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदारासाठी मोठ्याने केलेली दोन वाक्यांची प्रार्थना, एवढाच क्रम ठेवावा. येशूचे रूपांतर झाले त्या डोंगरावर त्याचा शिष्य पेत्र याला तिथेच तीन मंडप उभारावेसे वाटले होते. माथ्यावरून पाय निघत नसलेल्यांना ते आठवून द्यावे. त्या प्रसंगात खाली उतरताच शिष्यांना जो मुलगा बरा करता आला नव्हता, तो समोर येतो.

उतारावर गुडघे दुखतात, पाणी संपत आलेले असते, घरची ओढ लागते आणि जिभा सैल सुटतात. पाय मुरगळतात तेही बहुधा इथेच. संघाची खरी ओळख मला नेहमी उतारावर झाली आहे. म्हणून शेवटच्या विश्रांतीला, जंगल संपायच्या आत, पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि ज्याला ज्याची क्षमा मागायची असेल त्याने बाजूला जाऊन मागावी. सर्वांसमोर कबुली द्यायला लावू नये. आमच्याकडे एका मुलाने दुसऱ्याची क्षमा मागितली ती त्या दिवसाच्या नव्हे, दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या नाटिकेवरून झालेल्या भांडणाबद्दल.

पुढचा आठवडा

सात दिवसांच्या आत एकदा बसावे, आणि फोटो शेवटी दाखवावेत. प्रश्न तीनच असावेत: तू कोणाचे ओझे घेतलेस, तुझे कोणी घेतले, आणि तू कुठे चिडलास. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लीडने आधी द्यावे, म्हणजे इतरांना धीर येतो. जोड्या मोडू नयेत. त्या वर्षभर राहाव्यात आणि त्यांना मंडळीतले ठरावीक काम द्यावे. आमच्या जोड्या दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घरातच खिळलेल्या वृद्धांकडे जातात. त्यांतल्या एक आजी गेल्या नाताळला दोन वर्षांनी उपासनेला आल्या. मंदिराच्या अकरा पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा त्यांच्या दोन्ही बाजूंची मुले पायरीवर त्यांच्याबरोबर खाली बसली, आणि वर दारात उभ्या असलेल्या बॅकलीडने घंटा वाजवणाऱ्याला हाताने थांबण्याची खूण केली.