डिस्क दिसत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

निळा स्क्रीन आला, किंवा विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी दिसली, की निदान ठरलेलं असतं: 'हार्ड डिस्क गेली.' मग सोलापूरच्या नव्या पेठेतून नवी एसएसडी येते, तीही दिसत नाही, आणि तेव्हा कुठे मला फोन येतो. डिस्क आणि विंडोजच्या मधे कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारी चिप असते, तिला मोड असतो, त्या मोडचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम लागतो. हे तपासायला दोन मिनिटं पुरतात, पण फॉरमॅट मारायची घाई फार.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे विंडोज टाकून झाल्यावर बायोसमधला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममधला, साटा मोड (डिस्कच्या कंट्रोलरचा मोड) बदलणं. विंडोज चालू होताना ज्या कंट्रोलरवर ते टाकलं होतं त्याचाच ड्रायव्हर धरून बसतं. एएचसीआय (प्रत्येक डिस्क सुटी) आणि रेड (डिस्क एकत्र जोडायची सोय) हे त्यातले दोन मोड. एएचसीआयचं रेड केलं किंवा रेडचं एएचसीआय, की त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा स्क्रीन येतो. डिस्क ठणठणीत असते, डेटा जागेवर असतो. मोड पूर्वीचा केला की मशीन उठतं.

आणि मोड कोणी हाताने बदलावा लागतो असंही नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातली गोष्ट. गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद, मेन स्विच खाली. उघडल्यावर ऑफिसातल्या दोन्ही मशीनवर निळा स्क्रीन. एकाच वेळी घेतलेली मशीन, दोन्हींचे सीमॉस सेल, म्हणजे बायोसची तारीख आणि सेटिंग जपणारे बोर्डावरचे छोटे सेल, संपलेले. लाइट असेपर्यंत कळलं नाही. लाइट गेली तशी बायोसची सेटिंग मूळ पदावर, म्हणजे रेडवर गेली. विंडोज मात्र एएचसीआयवर टाकलेलं. आधी जो पोरगा आला होता त्याने पहिल्या मशीनचे सगळे पार्टिशन उडवून नवीन विंडोज टाकलं. टॅली त्यात, जॅकार्ड मागाची डिझाइनं त्यात. दुसऱ्याला हात लावणार तेवढ्यात मालकांना शंका आली. मी गेलो, बायोस उघडलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. सेल बदलला, तारीख लावली, मोड एएचसीआय केला, मशीन चालू. मालक म्हणाले, "म्हणजे पहिलंपण असंच उठलं असतं की ओ?" काय सांगणार? रिकव्हरीत थोडी डिझाइनं मिळाली, टॅली मिळालं नाही.

म्हणून निळा स्क्रीन दिसला की मी आधी बायोसमधली तारीख बघतो. आणि कुठलंही मशीन हातात आलं की बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. याला हसणारे पुष्कळ भेटतात.

मोड खरंच बदलायचा असेल तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये जाऊन सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये शिरा, मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू होऊ द्या, मग टिक काढा. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, पासवर्ड माहीत असू द्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी सस्पेंड करा, नाहीतर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल आणि ती कुठे ठेवलीय ते घरात कोणालाच माहीत नसतं.

दुसरी चूक नव्या लॅपटॉपची. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच मशीनवर व्हीएमडी, म्हणजे डिस्क सांभाळणारी इंटेलची वेगळी व्यवस्था, चालू असतं, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर बहुतेकदा नसतो. यादी रिकामी. इथे लोक ड्रायव्हरची डॉट ईएक्सई फाइल पेनड्राइव्हवर टाकतात आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून ती शोधत बसतात. ती चालवायला आधी विंडोज चालू पाहिजे! तिथे लागते डॉट आयएनएफ फाइल. कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलच्या पानावर जा, ड्रायव्हर उतरवा, दुसऱ्या मशीनवर फोल्डरमध्ये सोडवा (एक्सट्रॅक्ट करा) आणि पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. साइटवर त्याला अजून 'एफ-सिक्स' म्हणतात. एक्सपीच्या काळात एफ-सिक्स दाबून फ्लॉपी घालायचो, तेव्हापासूनचं नाव. एकच डिस्क असेल तर मी सरळ व्हीएमडी बंद करून नवीन विंडोज टाकतो. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो. पण आधीचं विंडोज आणि डेटा ठेवायचा असेल तर नुसतं बंद करू नका, वरचाच निळा स्क्रीन येईल.

ड्रायव्हर आपोआप शोधून टाकणारी फुकटची पॅक मी ग्राहकाच्या मशीनवर दिसली की काढून टाकतो.

एम डॉट टू एसएसडी (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये थेट बसणारी पट्टी) बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली? काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात. मॅन्युअल बघा, केबल दुसऱ्या पोर्टात लावा.

दोन डिस्कचं रेड वन (तोच डेटा दोन्हींवर एकदम) केलं म्हणून बॅकअप झाला असं समजणारे व्यापारी चाटी गल्लीत अजून भेटतात. चुकून उडवलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच उडते. टॅलीचा बॅकअप रोज वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवा.