डब्याच्या तळाचा आकडा नीट वाचा
प्लॅस्टिकची बाटली उलटी केली की तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा दिसतो. बाणांचा त्रिकोण पाहून ‘हे पुनर्वापराला जातंच’ असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९८८ साली सुरू झालेली ही खूण फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगते. ती वस्तू तुमच्या भागात घेतात की नाही, हे कचरा नेणाऱ्यालाच किंवा भंगारवाल्यालाच विचारावं लागतं. एकदा विचारा आणि उत्तर कचऱ्याच्या डब्यावर चिकटवून ठेवा.

साधारणपणे १ (पाण्याच्या बाटल्या) आणि २ (शाम्पूच्या, डिटर्जंटच्या बाटल्या) यांना सहज गिऱ्हाईक मिळतं. ५ क्रमांकाचे डबे काही ठिकाणी घेतात. ३, ६ आणि ७ बहुतेकदा परत येतात.

आकडा पुसला गेलाय? बाटलीचा एक तुकडा कापून पाण्यात बुडवा, बुडबुडे झटका आणि सोडा. १ क्रमांकाचं प्लॅस्टिक तळाशी जातं, २ आणि ५ तरंगतात. बाटली बुडते, तिचं झाकण मात्र वर येतं, ते याचमुळे. कारखान्यातही दोन्ही असेच वेगळे करतात.

वेफर्सच्या पाकिटांच्या नादी लागू नका. आतली ती चकचकीत बाजू प्लॅस्टिकला चिकटलेला धातूचा पातळ थर असतो, आणि तो सोडवणं फार अवघड. तेलकट डबा मात्र विसळून, कोरडा करूनच द्या, नाहीतर त्याच्यासोबतचा कागदही वाया जातो.