खचलेला हॉकी संघ पुन्हा उभा करताना या चुका टाळा

ठाण्यातील एका संस्थेच्या पगारी खेळाडूंच्या संघासोबत मी तीन मोसम काढले. संघ साखळीत तळाला गेल्यावर व्यवस्थापनाने तेच केले, जे बहुतेक ठिकाणी केले जाते : प्रशिक्षकाला निरोप दिला आणि दोन नवे आघाडीपटू घेतले. पुढच्या मोसमात आमचे गोल वाढले, आमच्यावर होणारे गोल त्याहून अधिक वाढले आणि क्रमांक होता तिथेच राहिला.

संघ नेमका कुठे हरतो हे न पाहता माणसे बदलणे, ही पहिली चूक. मागील आठ-दहा सामन्यांत आपल्यावर झालेला प्रत्येक गोल कितव्या मिनिटाला झाला, चालू खेळात झाला की पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीमुळे मिळणारी, गोलरेषेवरून चेंडू आत ढकलून सुरू होणारी गोलची संधी), आणि त्याआधी चेंडू कोणी कुठे गमावला, एवढे साध्या वहीत मांडले तरी दुखणे सापडते. आमचे दुखणे शेवटच्या पंधरा मिनिटांत होते.

हे दुखणे भारतीय संघालाही जुनेच. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जर्मनीने अवघे तीन सेकंद उरले असताना गोल करून भारताला 2-1 असे हरवले. अशा पराभवानंतर ‘खेळाडू मनाने कच्चे आहेत’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे; माझ्या मते ते निदान नव्हे, पळवाट आहे. खरे कारण बहुतेकदा दमणूक असते. हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, तरी भरवशाचा बचावपटू बाकावर बसवायला प्रशिक्षक कचरतो. मग थकलेला तोच बचावपटू ‘डी’मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडू पायाने अडवतो आणि पेनल्टी कॉर्नर देऊन बसतो. म्हणून बदल्यांचे वेळापत्रक सामन्याआधी ठरवावे आणि धावफलक पाहून ते मोडू नये.

सरावाची वेळही तपासावी. आमची मुले दिवसभर नोकरी करून ठाण्याहून दादरला गाडी बदलून चर्चगेटच्या टर्फवर पोहोचत, आणि पेनल्टी कॉर्नर अडवण्याचा सराव आम्ही त्यांच्याकडून सुरुवातीलाच, त्यातल्या त्यात ताजे असताना करून घेत असू. तो शेवटी, दम लागलेला असताना घ्यायला हवा होता, कारण सामन्यात तो तेव्हाच लागतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीला जेमतेम सहा सेकंद उरले असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. भारताचा गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला आणि भारत 5-4 ने जिंकला. रिओतही गोलरक्षक तोच होता.

दुसरी चूक म्हणजे एका मोठ्या पराभवावरून सारी घडी विस्कटणे. त्याच टोकियोत ऑस्ट्रेलियाकडून 1-7 अशी धूळ चाखल्यावर त्याच संघाने पुढच्याच सामन्यात स्पेनला 3-0 ने हरवले, आणि अखेर 41 वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणले. याउलट 2014 ते 2018 या पाच वर्षांत भारतीय संघाचे वॉल्श, व्हॅन अॅस, ओल्टमन्स, मरीन आणि हरेंद्र सिंग असे पाच प्रशिक्षक झाले. प्रत्येकाची पद्धत निराळी. ती अंगवळणी पडेपर्यंत पुढचा माणूस हजर.

एकाच ड्रॅग फ्लिकरवर (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलकडे फेकणाऱ्या खेळाडूवर) विसंबणे ही चूक सर्वांना ठाऊक असते, तरी होते. तो बाहेर असताना चेंडू कोण मारणार, एवढेच नव्हे तर आत कोण ढकलणार आणि तो फटक्यासाठी थांबवणार कोण, ही दुसरी तिकडीही ठरलेली हवी.

राहिली कार्डे. हिरव्या कार्डाने दोन मिनिटे आणि पिवळ्याने किमान पाच मिनिटे संघात एक जण कमी होतो, तरीही दहा जणांनी खेळण्याचा सराव क्वचितच कोणी करतो. 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला बचावपटू अमित रोहिदास लाल कार्ड मिळून सामन्याबाहेर गेल्यावर भारताने ग्रेट ब्रिटनविरुद्ध चाळीस मिनिटांहून अधिक काळ दहा जणांनी किल्ला लढवला आणि बरोबरीनंतरचा शूटआऊट 4-2 ने जिंकला. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे, अकरांविरुद्ध दहा, आणि बाहेर बसवलेला खेळाडू दर वेळी वेगळा, एवढी सोय कोणत्याही संघाला करता येते.